बाळाच्या किडनीत सिस्ट (पाण्याच्या गाठी) आणि लिव्हरमध्येही फायब्रोसिस (कडक व्रणासारखे चट्टे) निघालाय, दोन्ही एकदम कसं काय?

ताई, बऱ्याचदा हे दोन आजार नसतातच, एकच असतो. एआरपीकेडी म्हणतात, म्हणजे आई-बाबा दोघांकडून येणारा किडनीत सिस्ट होण्याचा आजार, साधारण २०,००० जन्मांत १. पीकेएचडी१ जीन बिघडतो, आणि किडनीच्या नळ्या न् लिव्हरमधल्या पित्तनळ्या घडायला तोच लागतो म्हणून दोन्हीकडे त्रास.

माझ्या भाचीला आहे, नाशिकरोडला असतो आम्ही. फ्रॉक घालताना बहिणीच्या हाताला डाव्या बरगडीखाली कडक लागलं, ती वाढलेली प्लीहा. एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) नॉर्मल होती म्हणून सगळे निवांत होते, पण यात ती बहुतेक वेळा नॉर्मलच येते हो, लिव्हरमधून रक्त नीट पुढे जात नाही मग प्लीहा वाढते, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी होतात, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली तर एक मिनिट थांबू नका, इमर्जन्सीत न्या.

बीपी दर व्हिजिटला बघायला लावा, लहान मुलांच्या पट्ट्यानेच. आयब्युप्रोफेन (ताप-दुखण्याचं औषध) मनाने देऊ नका. किडनीवाले आणि लिव्हरवाले, मुलांचेच, दोघांनाही एकच फाईल दाखवा, आम्ही त्यासाठी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जातो.

आणि ग्रहणात भाजी चिरली म्हणून झालं असं कोणी म्हणालं तर अजिबात मनाला लावून घेऊ नका. बिघडलेला जीन आई-बाबा दोघांकडून येतो, पुढच्या वेळीही २५ टक्के शक्यता असते, तेव्हा आधी जेनेटिक टेस्ट करून घ्या.