विटेवर वीट: भिंतीबद्दल तुमचे प्रश्न

पाऊस उघडला की आपल्याकडं कोल्हापुरात जिकडं तिकडं पाये निघायला लागतात आणि प्रश्नही तसेच येतात. यावेळी बरेचसे प्रश्न वीट कशी लावायची, कुठला बॉण्ड (विटा एकमेकींत गुंतवायची पद्धत) घ्यायचा यावर आहेत, म्हणून सगळी जागा भिंतीलाच दिलीय.

प्रश्न: फुलेवाडीत आमचं दोन खोल्यांचं लोड बेअरिंग (स्लॅबचं वजन भिंतीच घेतात असं) घर चाललंय, कॉलम नाहीत. भिंत नऊ इंची ठरली. गवंडी आतून एक आणि बाहेरून एक अशा सगळ्या विटा लांबीनंच लावतोय आणि मधल्या फटीत सिमेंट-वाळूचा माल नि तुकडे टाकतोय. विचारलं तर म्हणतो वरनं गिलावाच होणार आहे, कोण बघतंय. खरंच फरक पडतो का?

ताई, पडतो आणि खूप पडतो, उद्या सकाळी काम सुरू व्हायच्या आधीच हे बोलून घ्या. तुमच्याकडं चाललीय ती नऊ इंची भिंत नाहीच, साडेचार इंचाच्या दोन भिंती शेजारी शेजारी उभ्या राहतायत, दोन्हींना धरणारं मधे काही नाही. स्लॅबचं वजन दोघींवर सारखं येत नाही, एकीवर जास्त येतं, आणि साडेचार इंचाची भिंत एकटी दहा फूट उंचीला वजन घ्यायला फार बारीक पडते. वर्ष दोन वर्षं काही दिसत नाही, मग गिलावा फुगतो किंवा उभी चीर जाते आणि मग सगळे पायाला दोष देत बसतात.

आणि भूकंपाचं म्हणाल तर 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा धक्का आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत जी घरं पडली त्यातल्या कितीतरी भिंती दगडाच्या, चांगल्या जाड होत्या, पण आतली नि बाहेरची बाजू जोडणारा आरपार दगडच त्यात नव्हता, त्यामुळं हादरा बसल्यावर दोन्ही बाजू एकमेकींपासून सुटल्या. विटेच्या भिंतीत या आरपार दगडाचं काम हेडर करतो, म्हणजे जी वीट भिंतीत आडवी घुसते, नऊच्या नऊ इंच, आणि बाहेरून जिचं फक्त साडेचार इंची तोंड दिसतं. लांब बाजू बाहेर दिसते ती स्ट्रेचर.

तुमच्या घराला इंग्लिश बॉण्ड सांगा. एक थर सगळा हेडरचा, त्यावरचा थर सगळा स्ट्रेचरचा, परत हेडर, असं वरपर्यंत. ताकदीला याच्याइतका भरवशाचा दुसरा नाही आणि कोल्हापुरातल्या कुठल्याही जुन्या गवंड्याला तो येतो, फक्त मागावा लागतो.

आता खरी गंमत कोपऱ्यात आहे, तिथं स्वतः उभं राहून बघा. हेडरच्या थराचे सांधे कोपऱ्यापासून मोजले तर साडेचार, नऊ, साडेतेरा, अठरा इंचावर येतात (मालाची जाडी सोडून देऊ). स्ट्रेचरच्या थराचे येतात नऊवर नि अठरावर. म्हणजे प्रत्येक नऊ इंचाला सांध्यावर सांधा, आणि वरपासून खालपर्यंत सरळ रेघ. ती तोडायला कोपऱ्यातल्या पहिल्या हेडरनंतर लगेच एक क्लोजर घालतात, म्हणजे लांबीत उभी चिरलेली वीट, सव्वादोन इंच रुंदीची. ती घातली की पुढचे सांधे पावणेसात, सव्वाअकरा, पावणेसोळा असे सरकतात आणि खालच्या-वरच्या सांध्यात कायम सव्वादोन इंच अंतर राहतं. एवढ्याशा चिरलेल्या विटेवर सगळा बॉण्ड उभा असतो. ती अगदी टोकाला, कोपऱ्यावरच लावायची नाही, बारीक असल्यामुळं तिथं निसटते, नेहमी पहिल्या हेडरच्या शेजारी. गवंडी तिच्याजागी खांड, म्हणजे विटेचा फुटका तुकडा, ठोकून वेळ मारून नेत असेल तर थांबवा.

अजून एक, कोपऱ्यात एकाच थरातली वीट या भिंतीला हेडर दिसली तर काटकोनातल्या भिंतीला ती स्ट्रेचर दिसायला पाहिजे. तशी दिसली म्हणजे दोन भिंती एकमेकींत गुंतल्या. आणि संध्याकाळी काम बंद करताना भिंतीचं टोक पायऱ्या पायऱ्यांनी उतरतं सोडायला सांगा, नुसते दात काढून सोडले तर दुसऱ्या दिवशी त्या खाचांत माल नीट जात नाही. दिवसाला साधारण एक मीटरच्या वर भिंत चढवू देऊ नका, खालचा माल ओला असतो तोवर वरच्या वजनानं भिंतीचा ओळंबा (उभा सरळपणा) जातो.

झालेले थर किती आहेत ते कळवलं नाहीत, पण दोन-तीन फुटांपर्यंतच असतील तर माझं स्पष्ट मत, उतरवून परत लावा. खर्च होईल पण तो आत्ताच सगळ्यात कमी आहे.

प्रश्न: रुईकर कॉलनीत बंगला बांधतोय, आरसीसी फ्रेम आहे. समोरची भिंत गिलावा न करता विटेचीच ठेवायचीय. आर्किटेक्ट फ्लेमिश बॉण्ड म्हणतायत, काका म्हणतात इंग्लिशच मजबूत. कुणाचं ऐकू?

आर्किटेक्टचं ऐका. काकांचं म्हणणं चूक नाही, नऊ इंचाच्या फ्लेमिश भिंतीत आतल्या बाजूला थोडे थोडे सरळ सांधे राहतात म्हणून ती इंग्लिशपेक्षा जरा कमी पडते, पण तुमच्याकडं वजन कॉलम-बीम घेतायत, भिंतीला फक्त स्वतःचं वजन सांभाळायचंय. फ्लेमिशमध्ये एकाच थरात एक हेडर एक स्ट्रेचर, एक हेडर एक स्ट्रेचर असं चालतं आणि वरच्या थराचा हेडर बरोबर खालच्या स्ट्रेचरच्या मधोमध बसतो. दिसायला याला तोड नाही.

पण दोन गोष्टी आधीच ठरवा. भट्टीच्या विटा लांबीला सारख्या नसतात, एखादी पाव इंच कमी एखादी जास्त, आणि हेडर तर भिंतीच्या आरपार जातो, त्यामुळं दोन्ही बाजू एका रेषेत येणं शक्य नाही. बाहेरची बाजू दोरीत घ्या आणि आतून गिलावा करा. दुसरं म्हणजे आपला पाऊस. जून ते सप्टेंबर पश्चिमेकडून झोडपतो, तेव्हा ती भिंत पश्चिमेला असेल तर वर चांगला छज्जा काढा आणि वीट पारखून घ्या. कोरडी वीट वजन करा, 24 तास पाण्यात बुडवून परत करा, तीन किलोची वीट तीन किलो सहाशेच्या वर गेली तर ती उघड्या भिंतीला नको, कारण पाणी पिण्याची हद्द वजनाच्या 20 टक्के धरतात. माल ओला असतानाच सांधे अर्धा इंच खोल खरवडून ठेवायचे आणि नंतर एकास तीन मालानं (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) दर्जा, म्हणजे सांध्यांच्या खरवडलेल्या फटी, भरायच्या. बहुतेक ठिकाणी बॉण्ड चांगला असतो आणि दर्जांनी पाणी आत जातं, तिथं पैसे वाचवू नका.

प्रश्न: रॅट ट्रॅप बॉण्डनं विटा खूप वाचतात आणि घर गार राहतं असं वाचलंय. आमचं घर दुधाळीजवळ आहे, 2019 ला पाणी आत आलं होतं. सहा इंची विटा घेऊन ठेवल्यात. करावं का?

पद्धत चांगली आहे आणि मला मनापासून आवडते. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी ती शेकडो घरांत वापरून दाखवली. यात वीट खाली आडवी न ठेवता काठावर उभी करतात. दोन्ही बाजूंना उभे स्ट्रेचर, मधे मधे आरपार हेडर, आणि आत पोकळी राहते. नऊ बाय साडेचार बाय तीनची वीट घेतली तर दोन्ही बाजूंचे तीन तीन इंच जाऊन मधे तीन इंच पोकळी उरते, हिशोब केला तर भिंतीचा पाव भाग हवा. म्हणून पंचवीस टक्क्यांच्या आसपास विटा वाचतात आणि त्या हवेमुळं ऊन आत लवकर येत नाही.

पण तुम्ही घेतलेली वीट जर नऊ बाय सहा बाय चारची असेल तर हाच हिशोब बसत नाही. दोन्ही बाजूंचे चार चार इंच गेले की मधे राहतो एक इंच. पोकळी आठ टक्क्यांच्या आतच, बचत जवळपास नाही आणि कटकट तेवढीच. या विटांत रॅट ट्रॅप करू नका.

विटा बदलून मिळत असतील तरी तळमजल्याला नकोच. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटांची धोका पातळी ओलांडून 55 फुटांच्या वर गेली होती, तुमच्या घरात पाणी कुठवर आलं त्याची खूण भिंतीवर असेलच. पोकळीत पुराचं पाणी आणि गाळ शिरला तर तो धुऊन काढायला वाटच नाही, भिंत आतून महिनोन् महिने ओली राहील. त्या खुणेच्या वर किमान दोन फुटांपर्यंत भरीव इंग्लिश बॉण्ड करा, सिमेंटच्या मालात. पहिला मजला चढवणार असाल तर तिथं रॅट ट्रॅप जरूर करा, फक्त खिडकीखाली, लिंटेलला (दाराखिडकीवरच्या तुळईला), कोपऱ्यात आणि दाराखिडकीच्या कडांना थर भरीव घ्यायचे, आणि लाईटचे पाईप-बॉक्स भिंत चढतानाच बसवून घ्यायचे, नंतर छिन्नी लावली की पोकळी फुटते.

प्रश्न: आतली चार इंची पार्टिशनची भिंत हलते. बॉण्ड चुकला असेल का?

अर्ध्या विटेच्या भिंतीत स्ट्रेचर बॉण्डच असतो, प्रत्येक सांधा खालच्या विटेच्या मधोमध, त्यात चुकण्यासारखं फार नाही. हलत असेल तर बहुतेक माल एकास सहाचा वापरलाय आणि सळी घातलेली नाही. चार इंचीला एकास चारचा माल आणि दर तीन-चार थरांनी 6 मिलीमीटरची सळी लागते, तिची टोकं शेजारच्या भिंतीत किंवा कॉलममध्ये अडकलेली पाहिजेत. आता झालेल्या भिंतीत सळी जाणार नाही, तेव्हा लांबी जास्त असेल तर मधे एक जाड खांब घ्या किंवा उतरवून नव्यानं करा. तिच्यावर टाकी, माळा असलं काही टेकवू नका.

प्रश्न: विटेवरचा नावाचा खड्डा वर ठेवायचा की खाली?

वर. वर असला की माल त्यात पूर्ण भरतो आणि वरच्या विटेला धरून ठेवतो, खाली केला तर आत पोकळ राहतं. आणि वीट लावायच्या आधी नीट भिजवलेली असू दे, कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि मग तो माल नखानं खरवडला तरी निघतो.