खालच्या दातांच्या मुळाशी काळे डाग

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. माझं वय ४४. मागच्या दाढेला ठणका लागला म्हणून दवाखान्यात गेले, तर पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला. दाढ काढून झाली, पण त्या एक्स-रेत खालच्या पुढच्या तीन दातांच्या मुळाशी काळे गोल डाग निघाले. तिन्हींचं रूट कॅनल करा म्हणून सांगितलंय. ते दात कधी दुखले नाहीत, किडलेले पण नाहीत. जाऊबाई म्हणतात, पू साठलाय. मला कॅन्सरची भीती वाटते. मोबाइलवर फोटो पाठवलाय. काय करू?
– एक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर : ताई, फोटो मोठा करून दोनदा पाहिला. मोबाइलवरच्या फोटोवरून निदान सांगू नये, म्हणून मी ते सांगत नाही. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही : त्या दातांना गार लावून, नस जिवंत आहे का, ते बघितलं का?

एक्स-रेत काळं दिसतं याचा अर्थ एवढाच, की तिथे हाडातला चुना कमी आहे आणि किरण आरपार गेलेत. तो का कमी झाला, हे त्या काळ्या रंगावरून कळत नाही. दाताची नस मेली की मुळाच्या टोकाशी हाड झिजतं, हे सगळ्यात जास्त दिसणारं कारण. त्यासाठी कीडच लागते असं नाही. माझ्याकडे एक शेतकरी आले होते. लहानपणी बोअरिंगचा दांडा तोंडावर बसलेला, ते पार विसरून गेले होते. दात काळपट पडला होता आणि मुळाशी डाग. असा मार तुम्हाला कधी लागलाय का, आठवून बघा.

पण तुमच्या वयाच्या बायकांमध्ये, नेमक्या याच खालच्या पुढच्या दातांच्या मुळांशी, हाडाचा एक निरुपद्रवी बदल होतो. नाव लांबलचक आहे : सिमेंटो-ऑसियस डिस्प्लेसिया. आधी काळे डाग दिसतात, काही वर्षांनी मधे पांढरं भरत जातं. दात जिवंत असतात, दुखत नाहीत. हा कॅन्सर नव्हे. त्याला रूट कॅनल लागत नाही, आणि तुकडा काढून तपासायलाही सहसा जात नाहीत, कारण त्या हाडाला रक्तपुरवठा कमी, जखम चिघळू शकते.

हे मी इतकं कळकळीनं लिहिते त्याला कारण आहे. दवाखाना थाटला त्या पहिल्याच वर्षी एका बाईंच्या खालच्या उपदाढेच्या मुळाशी काळा ठिपका दिसला. ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बघितली आणि दात उघडला. आत नस ताजी होती. तो ठिपका म्हणजे ओठाकडे जाणारी नस जिथून बाहेर पडते ते हाडाचं भोक, मेंटल फोरामेन. ते प्रत्येकाला असतं. यंत्र थोडं तिरकं धरून दुसरा एक्स-रे काढला असता, तर ठिपका मुळापासून बाजूला सरकलेला दिसला असता. त्या बाईंचा चांगला दात माझ्या हातून गेला. तेव्हापासून गार लावल्याशिवाय मी दाताला ड्रिल लावलेलं नाही.

तर तिन्ही दातांना, आणि शेजारच्या चांगल्या दातांनाही, गार कापूस लावून बघायला सांगा. दातावर ठोकून बघू देत. प्रत्येक दाताचा छोटा एक्स-रे वेगळा काढू देत. गार लागलं आणि क्षणात शमलं, तर बहुधा नस जिवंत आहे. मग सहा महिन्यांनी, वर्षानं पुन्हा एक्स-रे काढून जुन्याशी ताडून बघायचं. एखाद्या दाताला काहीच कळलं नाही आणि दुसरी तपासणीही तेच म्हणाली, तर त्या दाताचं रूट कॅनल जरूर करा. त्यानंतरही डाग लगेच जात नाही. हाड भरायला महिने लागतात, कधी दोन-चार वर्षं.

खालचा ओठ बधिर झाला, जबडा झपाट्यानं सुजला किंवा हिरडी धड असून दात हलायला लागले, तर मात्र एक दिवसही थांबू नका.

शंका राहिली तर बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ अशी दोन दंत महाविद्यालयं आहेत. तिथल्या ओरल मेडिसिन, म्हणजे तोंडाच्या आजारांच्या, विभागात दाखवा. मूळ फिल्म किंवा सीडी दवाखान्यातून मागून घ्या. जाताय तर काढलेल्या दाढेची जखम भरली का, तेही बघून घ्या.