नवा बॉल जॉईंट आर्ममध्ये तिरका जातोय, तर हातोडा बाजूला ठेवा

तुम्ही लिहिलंय की जुना लोअर बॉल जॉईंट (चाकाकडचा भाग सस्पेन्शनच्या खालच्या आर्मला जोडणारा, आत गोळा असलेला सांधा) निघाला, पण नवा आर्मच्या भोकात अर्धाच गेला, तोही एका बाजूला कलून. आता हातोड्याने ठोकून बसवला तर चालेल का? कृपा करून तसं करू नका. मी हे एकदा केलंय. जॉईंट बसला, गाडी चालली, आणि काही महिन्यांतच तोच टक-टक आवाज परत आला. आतला गोळा ज्या वाटीत फिरतो, तिला घाव सोसत नाहीत. शिवाय कललेला जॉईंट ठोकला की तो भोकाची एक कड खरवडत आत जातो. मग पकड कायमची ढिली होते आणि चांगला आर्म फुकट जातो.

आधी तो प्रेस लावून सरळ उलट बाजूने बाहेर काढा. भोकात बोट फिरवून बघा. गंज किंवा उठलेला कंगोरा लागला तर बारीक पॉलिश पेपरने तेवढाच काढा. भोक मोठं होईल इतकं घासू नका. जॉईंटच्या अंगावर ओरखडे पडले असतील किंवा रबरी बूट (सांध्यावरचं आवरण) दाबला गेला असेल, तर तो परत वापरू नका, दुसरा आणा.

बसवायला सी आकाराचा बॉल जॉईंट प्रेस हवाच. सगळी गोम त्याच्या वाट्या निवडण्यात आहे. ढकलणारी वाटी जॉईंटच्या बाहेरच्या जाड कडेवरच टेकली पाहिजे, मधल्या झाकणावर नाही आणि बुटावर तर मुळीच नाही. समोरची वाटी आर्मला टेकेल, पण जॉईंट तिच्या पोकळीत मोकळा उतरेल, एवढी मोठी हवी. नवा जॉईंट आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवला तर किंचित आकसतो आणि सुरुवात सोपी होते. प्रेसच्या स्क्रूचे पहिले दोन-तीन फेरे अगदी सावकाश द्या. दर फेऱ्याला समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून नजर लावा. कलायला लागला की लगेच मागे घ्या. पुढे गेल्यावर सरळ होईल ही आशा खोटी ठरते, कलणं वाढतच जातं. जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत लागला पाहिजे. हाताने ढकलला तरी सरकत असेल तर भोक झिजलंय, नवा आर्म घ्या. जॉईंटचा खांदा सगळीकडून आर्मला टेकला म्हणजे बसला. सर्कलिपची (जॉईंट अडवून धरणाऱ्या कड्याची) खाच असेल तर क्लिप खाचेत पूर्ण उतरलीय ना, ते फिरवून बघा.

आता नकलकडचं (चाक ज्यावर बसतं त्या भागाकडचं) टोक. निमुळता स्टड (जॉईंटमधून बाहेर आलेला दांडा) असेल तर तो आणि त्याचं भोक, दोन्ही कोरडी पुसा. पुढच्या वेळी सहज निघावा म्हणून काहीजण तिथे ग्रीस लावतात, ते चुकीचं आहे. तो जोड घर्षणावरच धरून राहतो. नट आवळताना स्टड गोल फिरत असेल तर आर्मखाली जॅक लावून हलका वर दाबा, निमुळता भाग भोकात रुतला की फिरणं थांबतं. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कवर (आवळण्याच्या ठरलेल्या जोरावर) आवळल्यानंतर कॉटर पिनचं (नट सुटू न देणाऱ्या पिनचं) भोक जुळलं नाही, तर नट पुढेच न्या. मागे कधीच सोडू नका. आडवा बोल्ट असलेल्या प्रकारात स्टड पूर्ण वर गेल्याशिवाय बोल्ट त्याच्या खाचेतून जात नाही. जात नसेल तर ठोकू नका, स्टड वर ढकला. तो बोल्ट आणि नट नवे घ्या. ग्रीस निपल असेल तर बूट जरासा फुगेपर्यंतच पंप मारा.

एक गोष्ट जिवाशी आहे. स्प्रिंग लोअर आर्मवर टेकलेली असेल, तर जॉईंट सुटा असेपर्यंत आर्मखालचा जॅक खाली घेऊ नका. दाबलेली स्प्रिंग जोराने सुटते. गाडी स्टँडवरच हवी, एकट्या जॅकवर नाही. नकल बाहेर ओढताना ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनाची ताकद चाकाला देणारा दांडा) ताणू नका, त्या शाफ्टचा आतला जॉईंट सुटतो. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर यांच्यावरही लक्ष असू द्या.

दुसऱ्या बाजूचंही बघायचं असेल तर चाक वर आणि खाली धरून हलवा, आणि कोणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ (चाकाचं ढिलं हलणं) गेला तर संशय चाकाच्या बेअरिंगवर, राहिला तर बॉल जॉईंटकडे बघा. मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आर्मवर नसून शॉक अॅब्सॉर्बरभोवती असलेल्या) गाडीत चाक लोंबतं ठेवून हे कळतं. आर्मवर स्प्रिंग असलेल्या गाडीत मात्र आर्मखाली जॅक लावून जॉईंटवरचा भार काढावा लागतो, नाहीतर झिजलेला जॉईंटही घट्ट भासतो.

आर्म पूर्ण काढला असेल तर बुशचे (आर्मच्या गाडीकडच्या टोकातल्या रबरी सांध्यांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळा, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. त्यानंतर चाकांची अलाइनमेंट करून घ्या. प्रेसच्या वाट्या तुमच्या जॉईंटला बसत नसतील तर आर्म काढून वर्कशॉपमधल्या हायड्रॉलिक प्रेसवर न्या, पण कडेवरच दाबायला त्यांनाही सांगा.