देव राज्य करतो, मग खोट्या बिलवाल्याला प्रमोशन कसं?

प्रश्न : रविवारी उपासनेत आम्ही ‘परमेश्वर राज्य करतो’ म्हणतो आणि सोमवारी ऑफिसात भलतंच राज्य दिसतं. खोटी बिलं लावणाऱ्याला प्रमोशन मिळालं, मी त्या बिलांवर सही करायला नाही म्हटलं तर मलाच साइडला टाकलं. मंडळीतले (चर्चमधले) लोक म्हणतात देवाची इच्छा समजा आणि गप्प राहा, कुरकुर म्हणजे अविश्वास. खरंच तसं आहे का?

उत्तर : नाही हो. निदान बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत तरी असं कुठे दिसत नाही. १५० स्तोत्रांमध्ये गाऱ्हाण्यांची संख्या भरपूर आहे आणि ती गाणारे काही अविश्वासू नव्हते. १३ वं स्तोत्र उघडा, पहिल्या दोनच वचनांत, म्हणजे श्लोकांत, ‘कुठवर?’ असं चार वेळा विचारलंय. १० वं तर सुरूच होतं ‘परमेश्वरा, तू लांब का उभा राहतोस’ इथून, आणि त्याच स्तोत्रात १६ व्या वचनाला येतं की परमेश्वर सदासर्वकाळ राजा आहे. म्हणजे तक्रार आणि विश्वास एकाच माणसाच्या तोंडी, एकाच दमात. तो राजा आहे असं मानता म्हणूनच तर फिर्याद त्याच्याकडे न्यायची ना, नाहीतर कुणाकडे न्यायची?

आता ‘हे देवाच्याच इच्छेने झालं’ या वाक्याबद्दल. लोक ते चांगल्या मनाने म्हणतात हे मान्य, पण ८२ वं स्तोत्र वाचा. त्यात देव न्याय करणाऱ्यांनाच झापतो, किती दिवस दुर्जनांची बाजू घेणार, गरीब आणि अनाथ यांचा न्याय करा म्हणून. जे चाललंय ते सगळं त्याच्या मनासारखं असतं तर त्याने रागवायचं कशाला? त्यामुळे खोट्या बिलावरची सही ही देवाची मर्जी, असं मी तरी म्हणणार नाही.

आणि ‘परमेश्वर राज्य करतो’ हे वाक्य पुस्तकात नेमकं कुठे येतं ते बघण्यासारखं आहे, मला वाटतं तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथेच आहे. स्तोत्रसंहितेचे पाच भाग आहेत. तिसरा भाग संपतो ८९ व्या स्तोत्राने, आणि ते स्तोत्र म्हणजे आधी देवाने दावीद राजाला दिलेल्या शब्दाचा भलामोठा गौरव आणि मग ३८ व्या वचनापासून एकदम उलटं : तू आपल्या अभिषिक्ताला, म्हणजे स्वतः नेमलेल्या राजाला, टाकून दिलंस, त्याचा मुकुट धुळीत मिळवलास, प्रभो तुझी ती पूर्वीची दया कुठे गेली. चौथा भाग ९० व्या स्तोत्राने, मोशेच्या प्रार्थनेने उघडतो, म्हणजे इस्राएलात राजाच नव्हता त्या काळातल्या माणसाच्या नावाने. आणि मग ९३, ९७, ९९ ही तिन्ही स्तोत्रं सुरू होतात ‘परमेश्वर राज्य करतो’ म्हणत. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) साम्राज्याने इ.स.पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम उद्ध्वस्त केलं, राजा गेला, मंदिर गेलं, त्या धक्क्याला दिलेलं उत्तर म्हणून ही मांडणी आहे असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं, मलाही पटतं. सगळं सुरळीत चाललंय म्हणून हे वाक्य इथे आलेलं नाही. डोळ्यांना सिंहासन रिकामं दिसत असताना आलंय.

तुमच्या मनातली जळजळ आसाफ नावाच्या स्तोत्रकर्त्याने ७३ व्या स्तोत्रात अगदी उघडी करून ठेवलीये. दुर्जनांची भरभराट बघून माझा पाय घसरणारच होता, मी मन शुद्ध ठेवलं ते फुकटच गेलं, असं तो स्वच्छ म्हणतो. पुढे १७ व्या वचनात तो देवाच्या पवित्रस्थानात जातो आणि त्यांचा शेवट त्याला उमगतो. पण गंमत बघा, स्तोत्र संपेपर्यंत त्या दुर्जनांची एक पैही कमी झालेली दिसत नाही. बदललाय फक्त आसाफ, तो म्हणतो देवाजवळ असणं यातच माझं भलं आहे. (हे वाचून तुमचं समाधान होईलच असं नाही, पण पुस्तक हातचं राखून बोलत नाही एवढं तरी दिसेल.)

एक सावधगिरी. ३७ व्या स्तोत्रात म्हातारा कवी म्हणतो की नीतिमान टाकलेला मी कधी पाहिला नाही. हे वचन घेऊन कुणी तुम्हाला ‘तुमचंच काहीतरी चुकलं असणार’ म्हणालं तर त्यांना ४४ वं दाखवा, तिथे सगळी प्रजा सांगते की आम्ही तुला विसरलो नाही, तुझा करार मोडला नाही, तरी आम्हाला कापायच्या मेंढरांसारखं मोजतात. पुस्तकात दोन्ही आवाज ठेवलेत, कुणी एक पुसून टाकला नाही.

सहीचं म्हणाल तर १५ वं स्तोत्र फक्त पाच वचनांचं आहे. देवाच्या डोंगरावर कोण राहील? यज्ञ, अर्पण यांचा उल्लेखही नाही. खरं बोलणारा, स्वतःचं नुकसान झालं तरी दिलेला शब्द न फिरवणारा, व्याज न घेणारा, लाच न खाणारा. नुकसान होणार हे स्तोत्र धरूनच चाललंय. तेव्हा तुम्ही सही नाकारली ते बरोबरच केलंत, आणि कागदोपत्री तक्रार करायची सोय असेल तर जरूर करा, गप्प बसायची अट स्तोत्रात नाही.

प्रश्न : शत्रूंचा नाश कर असं मागणारी स्तोत्रं, १०९ वगैरे, आपण म्हणावीत का? मला भीती वाटते.

उत्तर : भीती वाटते ते चांगलंच. १३७ च्या शेवटी तर शत्रूच्या लेकरांबद्दल जे म्हटलंय ते मी कितीही वर्षं वाचलं तरी गोड करून सांगू शकत नाही, आणि कुणी सांगायला लागलं तर मला शंका येते. पण हा राग देवापुढे बोललेला आहे, बदला त्याच्यावर सोपवलाय. १०९ मध्ये कवी शाप भरपूर देतो, तरी मी स्वतः जाऊन त्याला धडा शिकवतो असं कुठे म्हणत नाही. ज्याच्यावर खरंच अन्याय झालाय त्याला ही स्तोत्रं म्हणू द्या. शेजाऱ्याशी पार्किंगवरून भांडण झालं म्हणून मात्र १०९ काढू नका, त्यासाठी चौथं पुरे : रागवा पण पाप करू नका, बिछान्यावर पडून विचार करा आणि स्तब्ध राहा.