जुन्या मोटारसायकलचे कार्बोरेटर घरी खोलावेत का, आणि सुटे भाग कसे शोधावेत?

तुमचा प्रश्न मला असा समजला: चाळीस वर्षांहून जुनी, चार सिलिंडरची जपानी गाडी बारा वर्षं उभी होती. आता सुरू होते, पण चोक ओढलेला असेल तोपर्यंतच. चोक आत ढकलला की बंद पडते. रेस ठेवली तर मात्र बऱ्यापैकी चालते. कार्बोरेटर स्वतः खोलायचे आहेत, आणि जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग), नीडल, फ्लोट व्हॉल्व्ह (फ्लोटने उघड-बंद होणारी पेट्रोलची झडप), रबर असं सगळं एकत्र मिळणारा किट घ्यावा का, हे विचारताय.

जरूर खोला. किटही घ्या, पण त्यातलं फक्त रबर वापरा. पितळेचे जेट आणि नीडल तुमच्या गाडीतलेच साफ करून परत बसवा. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं लक्षात ठेवा, कारण हे मी तीन आठवडे वाया घालवून शिकलोय.

माझ्याकडे तुमच्यासारखीच चार कार्बोरेटरची गाडी होती. जुने जेट काळे पडले होते, किटमधले सोन्यासारखे चमकत होते. सगळे नवे बसवले. गाडी सुरू झाली, पण मधल्या रेसवर गुदमरायची आणि प्लग काजळीने काळे व्हायचे. एअर फिल्टर बदलला, फ्लोटची उंची पुन्हा पुन्हा मोजली, इग्निशन कॉइलवर संशय घेतला. शेवटी जुने जेट डब्यातून काढून भिंगाखाली नव्यांशेजारी ठेवले. दोन्हींवर आकडा एकच, पण नव्याच्या भोकाचं तोंड वेगळ्या उताराने कापलेलं, आणि इमल्शन ट्यूबची (पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या नळीची) बाजूची भोकं दोन कमी. जेटमधून किती पेट्रोल जातं ते भोकाच्या व्यासाबरोबरच त्याच्या लांबीवर आणि तोंडाच्या आकारावरही ठरतं. जुने जेट परत घातले आणि त्याच दिवशी गाडी सुरळीत झाली.

आता तुमच्या गाडीचं लक्षण. चोकमुळे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. चोक असेल तरच इंजिन चालतं याचा अर्थ आयडलिंगला (रेस न देता इंजिन चालतं तेव्हा) पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं, आणि आयडलिंगला त्याहून थोडं जास्तच पेट्रोल हवं असतं. ते येतं पायलट जेटमधून. या जेटचं भोक अनेक गाड्यांत ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असतं. बारा वर्षांत कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला तपकिरी चिकटा सर्वांत आधी इथेच बसतो. मेन जेटचं भोक मोठं, म्हणून रेस दिल्यावर गाडी चालते. लक्षणावरून माझा पहिला संशय पायलट जेटवर आहे.

तरीही पाना उचलण्याआधी दोन गोष्टी बघा. टॅपेटचं (व्हॉल्व्हला दाबणाऱ्या भागाचं) अंतर आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासा. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर कार्बोरेटर कितीही साफ केला तरी उपयोग नाही. आणि कार्बोरेटर व इंजिन यांच्यामधले रबरी बूट दाबून बघा. ते लाकडासारखे कडक झाले असतील किंवा भेगा असतील, तर तिथून हवा आत खेचली जाते आणि लक्षण हुबेहूब तुमच्यासारखंच दिसतं.

खोलताना पहिला धोका स्क्रूंचा. जपानी गाड्यांचे चौफुलीचे स्क्रू जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात (पुष्कळदा डोक्यावर एक बारीक ठिपका दिसतो). साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही. जोर दिला की वर निसटतो आणि खाच उडते. जेआयएसचा स्क्रूड्रायव्हर विकत घ्या, या कामात तोच सगळ्यात उपयोगी खर्च आहे. अडकलेल्या स्क्रूला आधी भेदक तेल लावून रात्रभर ठेवा.

चारही कार्बोरेटर एकदम खोलू नका. एक पूर्ण खोला, साफ करा, जोडा, मग दुसरा. त्यामुळे भागांची अदलाबदल होत नाही आणि विसरलंच तर शेजारचा न उघडलेला कार्बोरेटर नमुना म्हणून समोर असतो. ज्या पट्टीवर चौघे बसवलेले असतात तिच्यावरून त्यांना वेगळे करावेत का? माझ्या मते हो. दोन कार्बोरेटरांमधल्या पेट्रोलच्या टी-नळीवरच्या ओ-रिंगाही तितक्याच जुन्या आहेत. ताज्या पेट्रोलने पहिल्यांदा भिजल्या की गळतात, आणि मग सगळं काम पुन्हा करावं लागतं. लिंकेजचे (चौघांना जोडणाऱ्या दांड्यांचे) फोटो मात्र आधी सगळ्या बाजूंनी काढून ठेवा.

मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हळूच आत फिरवत किती फेऱ्यांत टेकतो ते मोजा आणि लिहून ठेवा. टेकल्यावर अजिबात आवळू नका. टोक मोडून भोकात अडकलं तर कार्बोरेटरची बॉडीच जाते. स्क्रू काढल्यावर मागोमाग स्प्रिंग, बारीक वॉशर आणि त्याहून बारीक ओ-रिंग येते. ती ओ-रिंग बहुतेक वेळा भोकाच्या तळाशी चिकटून राहते आणि लोक तिच्यावर नवी घालतात. टॉर्च मारून बघा.

फ्लोटची पिन हा दुसरा धोका. ती ज्या दोन खांबांत बसते ते खांब ठिसूळ ओतकामाचे असतात आणि एका ठोक्यात मोडतात. पिनला एका बाजूला डोकं असेल तर दुसऱ्या बाजूने ढकला. खांबाला मागून टेकू द्या, गरज पडली तर गरम हवेने थोडं तापवा. पण आधी आजूबाजूचं पेट्रोल पूर्ण पुसून सुकू द्या.

साफसफाई करताना सगळी रबरं बाजूला काढा. तुमचे कार्बोरेटर सीव्ही पद्धतीचे (इंजिनाच्या व्हॅक्यूमने स्लाइड उचलणारे) असतील आणि स्लाइडच्या माथ्यावर रबरी डायफ्राम असेल, तर त्यावर क्लीनरचा एक थेंबही जाऊ देऊ नका. ते फुगतं आणि मग खाचेत बसत नाही. उजेडासमोर धरून बारीक भोकं तेवढी तपासा. बॉडी आणि जेट अल्ट्रासॉनिक टाकीत, कोमट पाण्यात सौम्य साबण घालून साफ होतात. टाकी नसेल तर क्लीनर आणि दाबाची हवाही पुरते. पण जेटमध्ये पिन किंवा स्टीलची तार घालू नका. ०.४० मिलिमीटरचं भोक ०.४४ झालं तर डोळ्याला काहीच दिसत नाही, पण क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढलेलं असतं. अगदीच नाइलाज असेल तर विजेच्या वायरमधला तांब्याचा एक बारीक धागा वापरा.

जेट साफ झाला म्हणजे मार्ग साफ झाला असं नाही. बहुतेकांचं काम इथेच फसतं. डोळ्यांवर चष्मा लावून पायलट जेटच्या जागेतून स्प्रे मारा. बटरफ्लायच्या (रेस दिली की उघडणाऱ्या गोल झडपेच्या) कडेजवळ दोन-तीन अतिशय बारीक भोकं असतात, त्या प्रत्येकातून आणि मिश्रणाच्या स्क्रूच्या भोकातून फवारा बाहेर आला पाहिजे. एकातूनही आला नाही तर पुन्हा भिजत घाला. केईहिन कंपनीच्या काही कार्बोरेटरांत पायलट जेट ठोकून बसवलेला असतो, निघतच नाही. ब्रिटिश गाड्यांवरच्या अमल कंपनीच्या अनेक कॉन्सेंट्रिक कार्बोरेटरांतही तीच अडचण आहे. अशा वेळी हा स्प्रेचा प्रयोग हाच एकमेव पुरावा.

जुनं पितळ कधीच बदलायचं नाही असं मात्र माझं म्हणणं नाही. नीडल ज्या नळीत वरखाली होते ती नीडल जेट झिजून लंबगोल होते, आणि मग पाव ते अर्ध्या थ्रॉटलला गाडी जास्त पेट्रोल खाते. भिंगाखाली भोक गोल दिसत नसेल तर नवी घ्या, पण मूळ कंपनीची. फ्लोट व्हॉल्व्हच्या टोकाला घासून गोल खाच पडली असेल तर तोही बदलावाच लागतो. फ्लोट पितळेचा असेल तर कानाजवळ हलवा, आत पेट्रोल डचमळतंय का ऐका. मग गरम पाण्यात बुडवा; बुडबुडे आले तर तिथे चीर आहे.

आता भाग शोधण्याबद्दल. मॉडेलच्या नावाने शोधू नका, पार्ट नंबरने शोधा. गाडीच्या पार्ट्स कॅटलॉगमधल्या चित्रावरून प्रत्येक भागाचा नंबर उतरवून घ्या. हे नंबर वाचायला शिकलात तर अर्धं काम सोपं होतं. होंडाच्या नंबरात पहिले पाच आकडे भाग कोणता ते सांगतात (१६१०० म्हणजे कार्बोरेटर), मधले तीन तो मुळात कोणत्या मॉडेलसाठी बनला ते. १९६९ च्या सीबी ७५० चा मधला आकडा ३००. यामाहात उलट, मॉडेलचा संकेत सुरुवातीला येतो. म्हणजे तुमच्या गाडीच्या यादीत एखाद्या भागाला दुसऱ्याच मॉडेलचा संकेत दिसला, तर तोच भाग त्या गाडीतही आहे आणि शोधायला आणखी एक जागा मिळाली. बंद झालेले कितीतरी भाग असे सापडतात. त्याआधी कार्बोरेटरच्या बॉडीवर कोरलेला नंबर मात्र तपासा. इतक्या वर्षांत कुणीतरी दुसऱ्या मॉडेलचे कार्बोरेटर बसवलेले असू शकतात.

मिकुनी आणि केईहिन या दोन कंपन्यांच्या जेटचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. केईहिनचा आकडा भोकाच्या व्यासाचा असतो, १०० म्हणजे १.०० मिलिमीटर. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा पेट्रोलच्या प्रवाहावरून दिलेला असतो.

ओ-रिंगा गाडीच्या नावाने घ्यायची गरज नाही, त्या मापाने मिळतात. जुनी रिंग मोजू नका, ती दबून चपटी झालेली असते, खाच मोजा. मटेरियल व्हिटॉन (इंधनाला टिकणारं रबर) घ्या, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ते साध्या नायट्राइल रबरापेक्षा जास्त टिकतं. आणि जुना, न वापरलेला, मूळ पाकिटातला माल मिळाला तर धातूचे भाग डोळे झाकून घ्या, पण रबर घेऊ नका. पाकीट न उघडताही रबर चाळीस वर्षांचंच असतं. दुसरा जुना कार्बोरेटर संच सुट्या भागांसाठी घेणार असाल, तर विकणाऱ्याकडे वाटी काढून फ्लोटच्या खांबांचा आणि स्लाइडच्या नळकांड्याचा फोटो मागा. तो द्यायला तयार नसेल तर सोडून द्या.

जोडताना फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे ठेवा. मोजताना फ्लोटची जीभ व्हॉल्व्हच्या पिनला नुसती टेकलेली हवी, आतली स्प्रिंग दबता कामा नये. वाटीच्या ड्रेनला पारदर्शक नळी लावून ती वर धरली की आतली पातळी थेट दिसते, माझा त्यावर जास्त विश्वास आहे. बटरफ्लाय चारही सारखे उघडतात का हे टेबलावरच कागदाच्या एकाच पट्टीने जुळवून घ्या. इंजिनावर चढवण्याआधी बाहेरच पेट्रोल भरून तासभर ठेवा. ओव्हरफ्लो असेल तर तिथेच कळेल. मग गाडी गरम करून व्हॅक्यूम गेजवर चौघांचं सिंक करा, म्हणजे चौघांची ओढ सारखी करा. त्यानंतरही एखादा सिलिंडर थंड राहिला, तर बॉडीवरचा नंबर आणि त्या कार्बोरेटरच्या मिश्रण स्क्रूच्या मोजलेल्या फेऱ्या इथे लिहा, म्हणजे पुढचं बघता येईल.