कॅनबेरातलं क्वेस्टाकॉन मुलांना दाखवण्यासारखं आहे का?

नक्की दाखवा, आणि अर्धा दिवस तरी हाताशी ठेवा. क्वेस्टाकॉन म्हणजे ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय विज्ञान आणि तंत्रज्ञान केंद्र, लेक बर्ली ग्रिफिनच्या काठावर. काचेआड ठेवलेल्या वस्तू बघत फिरायची ही जागा नाही. इथे हात लावायचा, ओढायचं, फिरवायचं.

मला सगळ्यात आवडते ती सहा मीटर उंचीची 'फ्री फॉल' घसरगुंडी. वर दांड्याला लोंबकळायचं आणि हात सोडायचे. सुरुवातीला खाली सरळ भिंतच असते, त्यामुळे पोटात गोळा येतो. मग ती भिंत हळूहळू वळत जाते आणि आपण अलगद आडवे होऊन पुढे सरकतो. वेग तोच, पण तो एकदम न थांबता वळणावर वळत गेला म्हणून लागत नाही. गुरुत्वाकर्षणाचा धडा मुलं पाठीने शिकतात! भूकंपाचे हादरे देणारी खोली आणि पिंजऱ्यातली वीजही चुकवू नका. सहा वर्षांपर्यंतच्या लहानग्यांसाठी 'मिनी क्यू' हे वेगळं दालन आहे.

क्वेस्टाकॉनची सुरुवात मला फार मोलाची वाटते. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक माइक गोर यांनी 1980 मध्ये कॅनबेराच्याच एन्स्ली भागातल्या एका शाळेच्या इमारतीत जेमतेम पंधरा प्रयोग मांडले होते. आजची इमारत 1988 ची. तिच्या खर्चाचा मोठा वाटा जपानने भेट म्हणून उचलला.

शाळांच्या सहलींची गर्दी सकाळी असते, म्हणून दुपारी गेलात तर प्रत्येक प्रयोगापाशी मुलांना निवांत रेंगाळता येईल.