पानिपतच्या मोहिमेचा नकाशा: कुठे थांबावे, काय गाळावे

पानिपतच्या मोहिमेवरील लेखासोबत इंटरॲक्टिव्ह नकाशा द्यावा की टाइमलाइन, आणि त्यासाठी स्टोरीमॅप-जेएस घ्यावे की टाइमलाइन-जेएस, असे आपण विचारले आहे. दोन्ही साधने नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबची आहेत, विनामूल्य आहेत आणि कोड न लिहिता वापरता येतात. म्हणून साधन निवडण्याआधी, नकाशावाचून वाचकाला कोणती गोष्ट कळणारच नाही, हे ठरवावे.

माझ्या मते या मोहिमेत ती गोष्ट म्हणजे दिशा. दक्षिणेतून आलेले मराठे ऑगस्ट १७६० च्या आरंभी दिल्ली घेतात, ऑक्टोबरात कर्नालजवळचे कुंजपुरा जिंकतात आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडतो. हे वाक्य कितीही नीट लिहिले, तरी बागपत कुठे आहे हे ठाऊक नसलेला वाचक ते वाचून सहज पुढे जातो. नकाशावर मात्र बागपत दिल्ली आणि पानिपत यांच्या दरम्यान दिसते, आणि मराठ्यांची घरची वाट अब्दालीच्या पाठीमागे गेली, दक्षिणेकडून आलेले सैन्य दक्षिणेकडेच तोंड करून लढायला उभे राहिले, हे तत्क्षणी उमगते. या टप्प्यावर नकाशा जवळ आणावा, दिल्ली, बागपत, पानिपत आणि कुंजपुरा एवढीच नावे ठेवावीत व बाकी सारे पुसून टाकावे.

टाइमलाइनची अडचण वेगळी आहे. ऑक्टोबरअखेरपासून १४ जानेवारी १७६१ च्या लढाईपर्यंतचे सुमारे अडीच महिने दोन्ही फौजा समोरासमोर होत्या. दोन स्लाइडांमध्ये हा काळ एका टिचकीसरशी नाहीसा होतो, आणि खरी कथा तर त्या काळातल्या मराठ्यांच्या उपासमारीत आहे. नोव्हेंबर आणि डिसेंबर यांना स्वतंत्र स्लाइड द्याव्यात. मराठ्यांना रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि रसदेची आशा मावळली, हे तिथे यायलाच हवे.

माझी एक चूक आपण टाळावी. स्टोरीमॅप दोन ठिकाणांना सरळ रेषेने जोडते; मी ती तशीच ठेवली आणि वाचकांनी तिलाच सैन्याचा मार्ग समजले. ती बंद करावी, किंवा ती केवळ क्रम दाखवते असे तिथेच लिहावे. आजचे महामार्ग आणि राज्यांच्या सीमा दाखवणारा पायाभूत नकाशाही नको. यमुनेचे पात्रसुद्धा तेव्हापासून सरकलेले आहे. टाइमलाइन-जेएसमध्ये दिवस न भरता नुसते महिना आणि वर्ष भरले तरी चालते, त्यामुळे जिथे दिवस निश्चित नाही तिथे तो भरू नये. प्रदर्शित तारखेच्या रकान्यात ‘पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२’ असे लिहिण्याची सोय आहे, तिचा अवश्य उपयोग करावा.

बागपतचा टप्पा तयार झाला की मोहीम ठाऊक नसलेल्या एखाद्या माणसाला तो फोनच्या पडद्यावर दाखवावा आणि मराठ्यांचे तोंड कोणत्या दिशेला होते, एवढेच विचारावे.